मंडळाच्या ताब्यातली बेस गिटार

११ फेब्रुवारी १९६८, रविवार

'वाद्यप्रेमी मित्रहो! पालघरच्या बँडवाल्यांनो, मुरब्याच्या भजनकऱ्यांनो, बोईसरच्या कामगार बंधूंनो! आपणां सर्वांचे दुःख एकच आहे. तारापूरला अणुवीज केंद्र उभे राहत आहे. त्यासाठी आलेले परदेशी साहेब काम संपले की घरी जातात आणि जाताना आपापल्या गिटारी विकून जातात. त्यांची बातमी आपल्या कानावर येण्याआधी मुंबईचा व्यापारी मोटार घेऊन दारात उभा असतो. दोन वर्षांत पाच गिटारी गेल्या. पाच! त्यांतली एक तरी आपल्यापैकी कोणाच्या गळ्यात पडली का? ज्याची बोटे शिवशिवतात त्याचे हात रिकामे, आणि ज्याला सा कळत नाही त्याच्या कपाटात वाद्यांची रांग!'

आजच्या भाषणाची ही सुरुवात इथे उतरवून ठेवतो, कारण ती चांगली साधली. आमच्या शाळेचा चित्रकलेचा वर्ग मिळाला होता. सतरा माणसे, पंचावन्न मिनिटे, आणि एकही उठून गेला नाही. दाराला बाहेरून कडी लागली होती हे नंतर कळले, पण त्याचा इथे संबंध नाही.

'वाद्यप्रेमी मंडळ' स्थापन झाले. अध्यक्ष मुरब्याचा चिंतू तांडेल, कारण त्याला बोलायला आवडत नाही. चिटणीस मी. नियम एकच: वाद्य वाजवणाऱ्याचे. जो वाजवत नाही त्याने ते अडवून ठेवू नये. जुने वाद्य विक्रीला निघाले की मंडळाने ते घ्यावे आणि सभासदांसमोर जो उत्तम वाजवील त्याला घेतल्या किमतीत द्यावे. सतरा हात वर झाले.

घरी येऊन आनंदीला सगळे भाषण पुन्हा म्हणून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, मग आपल्या भिंतीवरच्यांचं काय?"

आमच्या भिंतीवर एक सतार, दोन बुलबुलतरंग, एक क्लॅरिनेट आणि एक हवाईयन गिटार आहे. ती मी अडवून ठेवलेली नाहीत, सांभाळून ठेवलेली आहेत, हे तिला समजावले. ठेवणे आणि अडवणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

१९ फेब्रुवारी, सोमवार

भगवंत मोहिते आला होता. हा मूळचा कराडकडचा, केंद्राच्या बांधकामावर वायरमन. वय सत्तावीसच्या आसपास. बातमी अशी की वसाहतीतले एक साहेब पुढच्या आठवड्यात मायदेशी चालले आहेत आणि त्यांना आपली बेस गिटार विकायची आहे. दहा-अकरा वर्षांची जुनी.

"वर्षभर जातोय सर त्यांच्याकडं. पंख्याची वायर जोडायला गेलो होतो, तवा कोपऱ्यात दिसली. साहेबांनी हातात दिली. त्या दिवसापासनं सुट्टी म्हणजे तिथंच."

"एवढी जुनी कशाला घ्यायची?" मी त्याची परीक्षा पाहिली.

"नवीचं लाकूड कोरं असतंय सर. ही रोज वाजलेली हाय. जिथं हात टेकतो तिथला रंग उडालाय. डोळे मिटले तरी हात बरोबर तिथंच जातो."

बोईसरला लाउडस्पीकर भाड्याने देणारा चंद्रभान आहे, त्याने ऑर्केस्ट्रा काढला आहे. ३१ मार्चला पहिला कार्यक्रम. स्वतःची बेस गिटार आणली तर तो भगवंतला कायमचा घेणार. इकडे बांधकाम संपत आले आहे आणि वायरमन लोकांना कमी करण्याची यादी लागली आहे. भगवंतचे नाव तिच्यात आहे.

"ती मिळाली तर हितंच ऱ्हाईन सर. नायतर एक तारखेला वळकटी बांधायची आन पुढची साइट शोधायची. तिथं कोण मला गिटार हातात देतंय?"

निम्मे पैसे त्याच्याजवळ आहेत, निम्मे मंडळाने घालावेत, असे ठरले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "मंडळ तुझ्या पाठीशी उभे आहे." पोराच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले असते, पण पुढचे वाक्य सुचत होते.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज अन्यायाचा मुकाबला इंग्रजीतून केला.

सकाळी भगवंत आणि मी एसटीने वसाहतीत गेलो. साहेबांनी लांबट काळी पेटी उघडली. आत तांबूस, तुळतुळीत, भलतीच लांब मानेची गिटार. मी तिच्या तारा मोजल्या. चार! माझ्या हवाईयन गिटारीला सहा आहेत. मासिकांतल्या चित्रांत ज्या पाहिल्या त्यांना सहा आहेत. मग हिच्या दोन तारा गेल्या कुठे?

मी उभा राहिलो. वीस मिनिटे बोललो. पौर्वात्य माणसाला नेहमी अपुरा माल का मिळतो, हा मुद्दा घेतला. दीडशे वर्षांच्या मापातल्या मारापासून थेट या दोन तारांपर्यंत आलो. भगवंत मागून माझा सदरा ओढत होता. "सर... सर, हिला चारच..." बिचारा! परक्यासमोर आपल्या माणसाची जीभ कशी लुळी पडते! साहेब आधी लाल झाले, मग तोंडावर हात धरून आत गेले. बाईसाहेबांनी सरबत आणले. साहेब बाहेर आले ते डोळे पुसत. म्हणाले, किंमत कमी करतो, या देशात आल्यापासून इतके चांगले भाषण ऐकले नव्हते.

पश्चात्तापाचे अश्रू मी ओळखतो.

गिटार माझ्या घरी आणली. भगवंत आठ जणांबरोबर पत्र्याच्या खोलीत राहतो. तिथे स्टोव्हचा धूर, ओले कपडे, येणारेजाणारे. शिवाय मंडळाचे पैसे गुंतले आहेत. "परीक्षा होईपर्यंत," मी म्हणालो. त्याने पेटी दोन्ही हातांनी पलंगाखाली सरकवली आणि चारदा मागे वळून पाहत गेला.

तो गेल्यावर मी हवाईयन गिटार कोपऱ्यात हलवली. मधला खिळा मोकळा झाला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

बळवंत सुताराला बोलावले होते. दोन भोके पाडून दोन खुंट्या बसवायच्या, म्हणजे राहिलेल्या तारा लावता येतील, आणि रंग उडालेल्या जागी पॉलिश मारायचे. कागदावर आकृती मीच काढली होती. आनंदी म्हणाली, "त्या भगवंताला एकदा विचारा तरी." मी म्हणालो, त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे.

धक्का बसला. बळवंतने गिरमिट टेकवले आणि दारात भगवंत. कामावरून थेट आलेला, अंगावर सिमेंट. चपला न काढता आत घुसला आणि गिटार छातीशी धरली.

"बळवंतराव, भोक माझ्या हातात पाडा! हिला चारच तारा असत्यात! बेस हाय ही, बेस! ही गाणं म्हणत न्हाई, गाण्याच्या खाली उभी ऱ्हाते!"

बळवंत माझ्याकडे बघू लागला. मी आकृतीची घडी घातली.

मग भगवंतने आमचा रेडिओ फिरवला. मागे ग्रामोफोन जोडण्याची दोन भोके असतात, त्यांत त्याने गिटारीची वायर बसवली. एक तार छेडली. फडताळातल्या बश्या वाजल्या. आनंदी हातात झारा घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. नंतर म्हणाली, "हे कानात नाही हो वाजत. पोटात वाजतं."

चारच तारा असाव्यात अशी मला प्रथमपासून थोडी शंका होती. साहेबांना कळवायला हवे, पण ते कालच विमानात बसले. आता विषय संपला.

८ मार्च, शुक्रवार

परीक्षेची तारीख १७ मार्च ठरवली. भगवंत म्हणत होता, "आणखी कोण वाजवणारंच न्हाई तर परीक्षा कसली सर?" मी म्हणालो, संस्थेत पद्धत महत्त्वाची. एकच उमेदवार असला म्हणून पद्धत सोडायची नसते.

वाजवणे म्हणजे काय हे ठाऊक असल्याशिवाय निकाल देता येणार नाही, म्हणून रोज शाळेतून आल्यावर मी थोडा सराव करतो. तारा जाड आहेत. दोन बोटांना फोड आले. रेडिओ लावला की शेजारचे म्हातारे कमलाकांतपंत काठी आपटतात, म्हणून रेडिओशिवायच बसतो आणि गिटारीच्या लाकडावर कान टेकवतो.

आनंदी म्हणाली, "रोज दोन तास तुमची निकाल द्यायची तयारी चालते. एवढी तयारी आपल्या लग्नाला केली नव्हती कोणी."

विनोद म्हणून ठीक आहे.

१७ मार्च, रविवार

आयुष्यातले सर्वोत्तम भाषण.

परीक्षा मुरब्याला, चिंतू तांडेलच्या दारात ठेवली होती. चंद्रभानचा लाउडस्पीकर लग्नाला गेलेला, आणि किनाऱ्यावरच्या त्या घरांत वीज नाही. विजेवाचून ही गिटार मुकी. मी सभा तहकूब करण्यासाठी उभा राहत होतो, तोच चिंतू म्हणाला, "थांबा मास्तर. हिचा डोका माझे होडीला टेकवा. बगू काय म्हनते."

डागडुजीसाठी त्याची मोठी होडी वाळूवर ओढलेली होती. भगवंत तिच्या सावलीत बसला, गिटारीचे टोक फळीला टेकवले आणि वाजवू लागला.

होडी बोलू लागली. दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. तिचे रिकामे पोट भरून आले आणि आवाज वाळूतून आमच्या तळपायांत शिरला. बोंबील वाळत घालणाऱ्या बाया हात थांबवून पाहू लागल्या. चिंतूची आई, गोजराबाई, जवळजवळ बहिरी आहे. तिने फळीवर तळवा ठेवला आणि मुलाला म्हणाली, "चिंतू, बापूस समिंदरात शीड वर करी, तवा असाच वाजे."

अर्धा तास भगवंत वाजवत राहिला. मग चिंतू म्हणाला, "झाला. पोरा, घेऊन जा तुजी गिटार."

सगळ्यांच्या माना हलल्या. आणि मी उभा राहिलो.

का उभा राहिलो? तत्त्वासाठी. मी विचारले, मित्रहो, हा तरुण ऑर्केस्ट्रात जाईल. ऑर्केस्ट्रा उद्या मुंबईला जाईल. मग ही सहावी गिटारही गेली! जो ओघ अडवायला आपण एकत्र आलो, त्यालाच आपण वाट करून देणार? वाजवणाऱ्याचा हक्क मोठा की तालुक्याचा? चाळीस मिनिटे बोललो. समुद्राकडे हात करून तीनदा थांबलो. शेवटी मत घेतले. नऊ विरुद्ध सात: गिटार पुढील निर्णयापर्यंत मंडळाच्या ताब्यात, म्हणजे चिटणिसाच्या घरी. माझे मत मी दिले नाही असे कोणी म्हणू नये म्हणून तेही दिले.

भगवंतने खिशातून रुमाल काढला, चारही तारा पुसल्या, गिटार पेटीत ठेवली आणि पेटी माझ्या हातात दिली. त्याचे पैसे परत देऊ केले. त्याने घेतले नाहीत.

निघताना चिंतू म्हणाला, "मास्तर, तुमी बोलता तवा माला बी वाटते का माजी होडी माजी नाय."

एवढी दाद आजवर मिळाली नव्हती.

२० मार्च, बुधवार

भगवंत शाळेत आला. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभा राहिला.

"सर, कायमची नको. एकतीस तारखेपुरती द्या. कार्यक्रम झाला की त्याच दिवशी परत आणून देतो. चंद्रभानशेट म्हणतोय, रविवारपर्यंत सांग, नायतर मुंबईवरनं माणूस मागवतो."

मी त्याला वस्तूच्या आसक्तीविषयी थोडे सांगितले. माणसाने साधनात गुंतू नये. कला आत असते. त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "सर, तुमाला वाजवता येती का?"

"येईल," मी म्हणालो.

तो चेष्टा करत नव्हता, हे मला अजून बोचते आहे.

२३ मार्च, शनिवार

विशेष काही नाही. गंज चढू नये म्हणून तारांना खोबरेल लावले. आवाज अधिक मऊ झाला आहे. आनंदी म्हणाली, मेला आहे.

२४ मार्च, रविवार

चंद्रभान आला होता. पायजमा, बुशकोट, तोंडात पान. भिंतीकडे बघत म्हणाला, "राऊत सर, दुकान छान मांडलंय."

मी म्हणालो, हे दुकान नव्हे.

"तेच म्हणतो, दुकान असतं तर एखादी वस्तू बाहेर गेली असती. बरं, ऐका. गिटार मी घेतो. मंडळानं दिले त्याच्या दुप्पट देतो."

मी पेटून उठलो. कलेचा बाजार, व्यापारी वृत्ती, मुंबईची मोटार, सगळे काढले. तो पान चघळत शांत बसला होता. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाला, "सर, मी घेतो आणि भगवंतच्या गळ्यात घालतो. लिहून देतो. मंडळाचं नाव घाला, मालकी मंडळाची ठेवा, काही हरकत नाही. बोईसरच्या बाहेर कार्यक्रम असला तर गिटार तुमच्या परवानगीनं नेऊ. आता बोला."



"उद्या कळवतो," एवढेच म्हणालो. जिना उतरताना तो आनंदीला सांगत होता, "वहिनी, सरांची तब्येत बरी आहे ना? पहिल्यांदाच असं गप्प बघतोय."

वाजवणाऱ्याला मिळते. तालुक्यात राहते. मंडळाची मालकी राहते. व्यापारी नफा घेत नाही, उलट देतो. माझी एकूणएक हरकत त्या पान खाणाऱ्या माणसाने मिटवून टाकली. संध्याकाळपर्यंत कपाटातली पुस्तके उघडून बसलो. मालमत्तेवर किती थोरांनी किती लिहिले आहे! आयुष्यात कशालाही नाही म्हणायला मला कारण मिळाले नाही असे झाले नव्हते. आज मिळाले नाही.

आनंदी शेजारी येऊन बसली. "कारण मी सांगू?"

"सांग."

"तुम्हाला ती आवडलीय. बस्स. त्यात लाजायचं काय? पण मग तेवढंच म्हणा ना. तालुक्याला कशाला मध्ये आणता?"

मी तिला उत्तर देणार होतो. तीन मुद्दे सुचलेही. मग तिने माझा हात उलटा करून बोटांवरचे फोड पाहिले, आणि ते तिन्ही मुद्दे कुठे गेले कळले नाही.

२५ मार्च, सोमवार

सकाळी निश्चय केला की गिटार स्वतः नेऊन भगवंतला द्यायची. पेटी उचलली. दाराशी आलो तेव्हा वाटले, निदान लेखी करार व्हायला हवा. पेटी ठेवली. शाळेतून आल्यावर पुन्हा उचलली. या वेळी वाटले, मंडळाच्या ठरावाविरुद्ध चिटणीसच कसा वागणार? ठेवली. पाच वाजता तिसऱ्यांदा उचलली आणि रस्त्यापर्यंत गेलो. कोपऱ्यावर थांबलो आणि स्वतःला एक भाषण केले. चांगले झाले. घरी परत आलो.

आनंदीने दार उघडले, पेटी पाहिली आणि बाजूला झाली.

माझ्यापाशी माझ्याविरुद्ध बोलणारा कोणी नाही, ही खरी अडचण आहे. सतरा माणसांना मी गप्प करू शकतो. अठरावा मी, तोही गप्प होतो. म्हणून खालील चिठ्ठी लिहिली. मुरब्याहून मासळी घेऊन येणाऱ्या सोमीच्या हाती ती चिंतूकडे पाठवली. तिची नक्कल:

'वाद्यप्रेमी मंडळाचे अध्यक्ष चिंतू तांडेल आणि ज्या सात जणांनी त्या दिवशी माझ्याविरुद्ध मत दिले ते सभासद यांस,

तुमची तक्रार मला ठाऊक आहे. वाजवणाऱ्याच्या हातची गिटार चिटणिसाने खिळ्याला टांगली आहे. ती तक्रार बरोबर आहे. मला एवढे म्हणायला एक आठवडा लागला आणि आणखी एक लागला तर एकतीस तारीख निघून जाईल. चंद्रभानला होकार कळवला आहे. तेवढे टपालाने करता येते. गिटार टपालाने जात नाही.

बुधवारी दुपारी बारा वाजता माझ्या घरी या. त्या वेळी मी शाळेत नववीच्या वर्गावर असतो. आनंदी दार उघडील. मधल्या खिळ्यावरून गिटार काढा, पेटीत घाला आणि थेट बोईसरला भगवंतच्या हातात नेऊन द्या. तारांना खोबरेल लागले आहे, ते त्याला पुसायला सांगा. तो काही विचारणार नाही.

ठराव करू नका. सभा बोलावू नका. मला बोलावून घेऊ नका. एखादे वेळी मी तास सोडून येईन. फाटकात उभा राहीन, हात वर करीन, "मित्रहो" म्हणेन. तेव्हा थांबू नका. चिंतू, पेटी खांद्यावर घे आणि पळ.'